माक्याचे वाफे

ज्या दिवशी ताईने कंगवा कपाटात ठेवला, त्या दिवशी भाऊजींनी माका लावायला घेतला. पालघर जिल्हा झाला त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. ताईला मुंबईची औषधं चालू होती. "औषधं थांबली की केस आपोआप येतील," असं डॉक्टर म्हणाले होते. पण आपोआप हा शब्दच भाऊजींना मंजूर नव्हता.

माझ्या बहिणीच्या या यजमानांइतका एका जागी न बसणारा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा झाला नसेल. जेवतानाही ते ताट हातात घेऊन चिकूच्या वाडीत फेऱ्या मारत. वरणभात पहिल्या झाडाशी सुरू झाला की ताक शेवटच्या झाडाशी. वाणगावच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत ते मांडवामागच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते बघून आले, आणि अक्षता वाटेतच टाकल्या. माका म्हणजे भाताच्या बांधावर, गटाराच्या कडेला, कुठेही येणारं पांढऱ्या फुलांचं तण. केसांच्या तेलासाठी कुणीही मूठभर उपटून आणलं असतं. भाऊजींनी मात्र जमीन खणली, वाफे केले, वर हिरवी जाळी बांधली. रोपांच्या शोधात कासाला जाताना भरलेली जीप थांबवून ते गटारात उतरले. "काका, एक तर बसा नाही तर राहा!" ड्रायव्हर ओरडला. चिखलाचा गड्डा शेजारच्या बाईंच्या हातात देत भाऊजी म्हणाले, "जरा धरा, फूल मोडेल."

आणलेल्या रोपांचं बी पेरलं, पण ते काही उगवेना. बांधावर माका गुडघाभर, वाफ्यात काही नाही. "काय मास्तरीणबाई, तुमच्या पुस्तकांत काही दिलंय का?" त्यांनी मला विचारलं. शेवटी कोसबाडचे एक शेतीचे जाणकार येऊन बघून गेले. हे बी उजेडात, मातीवरच पडून राहायला हवं. भाऊजींनी ते बोटभर खोल पुरलं होतं आणि कोंब आला का ते बघायला रोज सकाळी उकरत होते!

पुढे माका आला, दाट आला. मग भाऊजी दोन दिवस तलासरीला गेले आणि तण काढायला, बेणणीला येणाऱ्या लाडकीने सगळे वाफे आरशासारखे स्वच्छ करून ठेवले. परत आल्यावर ते उपटलेल्या माक्याच्या ढिगाभोवती फेऱ्या मारू लागले.

"आख्खा जन्म हेच उपटलं शेट," लाडकी म्हणाली, "तुम्ही पाणी घालता ते मला काय ठाव?" मग हसू दाबत तिने त्याच काड्या ओल्या मातीत पुन्हा खोचल्या. "घाबरू नका, हा मरत नाही." आठ दिवसांत त्यांनी मुळं धरली.

तेल काळंकुट्ट व्हायचं, घरभर वास. रोज संध्याकाळी भाऊजी ताईच्या मागे स्टूल घेऊन बसत आणि बोटांच्या टोकांनी तिच्या डोक्यावर ते जिरवत. केस आले. पुन्हा औषधं लागली, पुन्हा गेले. तेल चालूच होतं.

एकदा मी ताईला म्हटलं, "तुला खरंच वाटतं का गं, या तेलाने येतील?"

"वेडी आहेस का," ती म्हणाली. "पण तेवढा अर्धा तास हा माणूस एका जागी बसतो. तीस वर्षांत कधी बसला होता?" मग हळूच, "त्यांना सांगू नकोस हां. लगेच उठतील."

मी सांगितलं नाही.

ताई जाऊन आता वर्ष होईल. मी रविवारी जाते. "भाऊजी, वाफ्यांत गवत माजलंय," असं मुद्दाम सांगते. "असू दे," ते म्हणतात. मी तेल लावायचं स्टूल आत नेऊन ठेवलं होतं; पुढच्या रविवारी ते ओटीवर परत आलेलं होतं.

माका वाडीभर पसरलाय, आपोआप. भाऊजी स्टुलावर बसलेले असतात.