शेंदराचे ठिपके

मी एकदा नवस बोलले होते: "यांच्या मनात काय सलतंय ते यांच्या तोंडून निघेपर्यंत गूळ खाणार नाही!" संक्रांत तोंडावर होती, तिळगूळही गेला. असे किस्से सराट्याच्या काट्यांसारखे असतात. एक पायातला काढावा, तर दुसरा पदराला! हे सगळे आमच्या पिंगळी गावच्या घरातले.

*

यांनी अचानक अंथरूण ओसरीवर नेलं आणि हे स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले. जन्मात कधी रुमाल न धुतलेला माणूस! धाकटी जाऊ कुजबुजली, "ताई, नवरा कपडे धुवायला लागला म्हंजी एक तर बाई, न्हाई तर भूतबाधा!"

मी हसले. पण यांच्याकडे बघून भूतबाधाच खरी वाटायला लागली. मी पाणी दिलं तरी हे माझ्या बोटांना बोट लागू देत नव्हते.

*

एके सकाळी यांनी विचारलं, "चहा फिका कामून पितीस?"

नवस सांगितला. तेव्हा कुठं हे बोलले.

"खाली, अंडाच्या कातडीवर, लाल ठिपके उठलेत. मोहरीएवढे. दुखत न्हाईत, खाजत न्हाईत. बांधावरल्या म्हसोबाच्या मागं लघवीला बसलो होतो. त्यानं शेंदूर लावलाय. तुला शिवलो तर तुलाबी लागंल."

दार लावून बघितलं. लाज सोडून लिहिते, रंग शेंदराचाच होता!

*

धाकट्या भाऊजींना म्हसोबाच्या शांतीचं सामान आणायला बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, मोरीत गेले, कडी लावली. बाहेर आले ते पांढरेफटक.

"दादा, मलाबी हायत!"

"तू कुठं बसला होतास?"

"तिथंच की. सावली हाय लय चांगली!"

जावेनं कपाळावर हात मारला.

*

परभणीत ओळखीचे भेटतात, म्हणून गंगाखेडच्या डॉक्टरांकडे नेलं. दोघे भाऊ बाकावर भिंतीकडे तोंड करून बसलेले! डॉक्टरांनी भिंगातून बघितलं.

"कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगल्यात. वय झालं की येतात. बायकोला लागत नाहीत. फक्त खरवडू नका. रक्त आलं, दुखलं, तर या."

"पण डॉक्टरसाहेब, म्हसोबा..."

"अहो, असे ठिपके घेऊन चुडाव्याचे येतात, परभणीचे येतात. सगळे काय तुमच्याच बांधावर बसतात?"

स्टँडवर मी गुळाचा खडा तोंडात टाकला. अंथरूण त्याच दिवशी घरात आलं.

*

तरी देवाची माफी मागायला हवी. रविवारी चौघं नारळ, तेल, शेंदूर घेऊन बांधावर गेलो. वारा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चढलेली शेंदराची जाड खोळ गळून पडली होती, अख्खीच्या अख्खी. आतला दगड आमच्यापैकी कुणीच कधी बघितला नव्हता. काळा, गुळगुळीत.

भाऊजी वाकले आणि तसेच मागं सरकले.

काळ्या दगडावर लाल ठिपके होते. मोहरीएवढे.

"दादा, पुसून बघू का?"

"खरवडू नको!"

मग यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "देवा, घाबरू नको. वय झालं की येतात."

बाई गं, तुझ्याही घरात कुणी न बोलता अंथरूण बाहेर नेलं असेल, तर तूही गूळ सोड. तो बोलला की आधी डॉक्टरांकडे ने. नारळ नंतर फोड.