रुमालाखालचा भाव

आमच्या मालकांचं नाव सटवा. नेकनूरच्या बाजारात शेळ्या-बोकडं घ्यायची अन् इकायची, हा त्यांचा धंदा. असल्या माणसाला आमच्याकडं हेडी म्हणतात. सकाळी घेतलेली शेळी दुपारच्याला दुसऱ्याच्या दावणीला जाती. मी अंजू, त्यांची बायको. त्यांच्यासंगं संसार केलाय, म्हणून मला बोलायचा हक हाय, अन् मी बोलणार.

आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत न्हाई. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातावर टाकायचा अन् खाली बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार, सगळा पंजा म्हणजे पाच. शेजारच्याला काय कळत न्हाई. ज्याला ही बोटं येत न्हाईत, नाहीतर इकणारी बाईमाणूस असंल, तर तिच्या वतीनं दुसरा एखादा हेडी हात देतो. त्याची दलाली इकणारा देतो, घेणारा न्हाई. एवढं ध्यानात ठिवा, पुढं लागतंय.

लिहून ठेवायचं म्हणलं की मालकांच्या अंगावर काटा. भाव कागदावर आला की बरकत जाती म्हणायचे. मी कितींदा म्हणलं, "अहो, एक वही घाला." तर म्हणायचे, "माझं डोस्कं हीच वही." डोस्कं चांगलं हाय, न्हाई म्हणत न्हाई. कोणती शेळी कुणाकडून घेतली, कितव्या वेताची व्हती, सगळं पाठ. पर सरकार डोस्कं वाचत न्हाई ना!

मग मोबाईलचे पैसे आले. व्यापारी रोख देईनात. मालकांचा फोन बटणाचा, अन् त्यांच्या खात्याला कसलातरी नंबर जोडायचा राहिलता. बँकेत कोण खेटे घालणार? पोरीचं खातं व्हतंच. आमची ऋतुजा बीडला नर्सिंग शिकती. तिच्याच खात्याचं ते चौकोनी चित्राचं कार्ड मालकांनी गळ्यात अडकवलं अन् शाळकरी पोरावानी बाजारभर मिरवलं. पैसे पोरीकडं जायचे. कुणाला द्यायचे असले की बाजारातनं तिला फोन, "बाई, अमक्याला एवढे टाक." ती तासाला बसलेली असली तरी टाकायची. रोख उरली की तीबी तिच्याच खात्यात भरायचे.

वर्षात त्या खात्यातून बत्तीस लाख फिरले. अन् इन्कम टॅक्सची नोटीस आली, ती ऋतुजाच्या नावावर.

पोरगी रडत घरी आली. शिष्यवृत्तीवर शिकणारी ती. कॉलेजात हे कळलं तर काय म्हणतील, लखपतीची लेक गरिबाचे पैसे खाती? मला तर गल्लीतून पाण्याला जायची लाज वाटायला लागली. आमचं पत्र्याचं घर, अन् बायका इचारायच्या, "अंजू, म्हणं तुमच्याकडं बत्तीस लाख हाईत?"

बीडला अनिलभाऊ हाईत, कराची कामं बगतात. त्यांनी सगळं ऐकलं अन् मालकांकडं न बगता माझ्याकडं बगून बोलले, "वहिनी, पैसा फिरला म्हणजे कमाई झाली असं न्हाई. तिसाला घेतलं, बत्तिसाला इकलं, तर कमाई दोनाचीच. पर घेतलं केवढ्याला हे दाखवावं लागतंय. न दाखवलं तर सगळं पोरीची कमाई धरतील." मग मालकांना म्हणाले, "रोज घेणं-इकणं करणाऱ्यानं ज्या दिवशीचं त्याच दिवशी लिहायचं असतंय, सटवाभाऊ. धंद्याचं खातं येगळं, घरचं येगळं. पोरीचं तर मधी आणायचंच नसतंय."

मालक खाली मान घालून रुमालाचं टोक पिळत बसले. भर बाजारात दहा माणसांना गप करणारा माणूस!

ठरलं असं. ऋतुजानं मोबाईलवरची एकेक नोंद वाचायची, मालकांनी ती कशाची ते सांगायचं. मग ज्यांच्याकडून शेळ्या घेतल्या त्यांच्या घरी जाऊन चिठ्ठीवर भाव लिहून सही नाहीतर अंगठा आणायचा. अन् शेवटी हे सगळं खरं हाय असं शपथपत्र ऋतुजानं करायचं. पोरीनं शपथ घ्यायची, बापाच्या धंद्याची.

दारातल्या बाजेवर बसून ती वाचायची अन् मालक सांगायचे. "दिंद्रुडचा व्यापारी, दोन बोकडं." "पाटोद्याची काळी शेळी, एक शिंग मोडलेली." अशी घडाघडा. मलाबी वाटलं, माझा नवरा लई हुशार हाय. अन् मग ऋतुजा म्हणली, "नाथाकाका. चार हजार. कशाचे?"

नाथा म्हणजे बाजारातलाच दुसरा हेडी. मालक खांद्यावरचा रुमाल काढून झटकायला लागले.

"आप्पा, मीच टाकलेत हे. तुमी फोनवर म्हणलं व्हतं, केशरआज्जीच्या शेळ्यांचे हाईत म्हणून."

"दलाली," मालक म्हणले.

"पर केशरआज्जीच्या वतीनं नाथाकाकांनी हात दिलता ना? मग दलाली आज्जी देईल. तुमी कावून दिली?"

बाजारात जलम गेलेल्या माणसाच्या घरात वाढलेली पोरगी ती. एवढं इचारलं अन् तिचं तिलाच कळलं. मलाबी कळलं. मी चुलीवरचं तसंच सोडून बाहेर आले.

केशरबाई आमच्याच गावची, बुद्धवाड्यातली. तिचा नवरा ज्ञानोबा दवाखान्यात असताना तिनं चार शेळ्या काढल्या. घरीच घ्या म्हणत व्हती. मालकच म्हणले, "न्हाई मावशी, बाजारात आण. चार जण बगतील, भाव चढंल." किती चांगला माणूस, असं मला तवा वाटलं व्हतं! बाजारात मालकांनी रुमाल टाकला, बाईच्या वतीनं नाथानं हात दिला. नऊ हजाराची शेळी नाथानं सातावर सोडली, चार शेळ्यांचे आठ हजार मारले. त्याचे चार हजार त्याला मिळाले, चार आमच्या घरात राहिले. अन् नाथाचे ते चार पाठवले कुणी? माझ्या लेकीनं, तासाला बसून.

"थू तुमच्या जिनगानीवर," मी म्हणलं. म्हणलंच. लेकीसमोर म्हणलं.

केशरबाईच्या शेळ्या घेतल्या त्याच आठवड्यात मालकांनी मला चांदीची जोडवी आणली व्हती. माझ्या पायात तीच व्हती. तिथंच उकिडवी बसून मी काढायला लागले, तर निघंनात, बोटं सुजलेली. शेवटी साबण लावून काढली.

नाथा येऊन गेला. हसत म्हणतो कसा, "कावून घाबरतो बे सटवा? बाईच्या चिठ्ठीवर नऊ लिही. खरेदी वाढती, कर कमी व्हतो, माझे चार त्यातच मुरतात अन् माझं नाव येत न्हाई. तिला काय वाचता येतंय?" मालकांनी त्याला बस म्हणलं न्हाई, पर जा बी म्हणलं न्हाई. मी काठी घेऊन उठले तवा तो गेला.

सगळ्यांच्या चिठ्ठ्या झाल्या, केशरबाईची राहिली. आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी ऋतुजा म्हणली, "आप्पा, तुमी येत नसला तर मी शपथपत्र करत न्हाई. व्हायचं ते होऊ द्या." मग आमी तिघं गेलो.

केशरबाई वट्यावर शेंगा फोडत व्हती. ज्ञानोबा आत झोपलेले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तिनं पोरीला जवळ बसवलं, शेंगा दिल्या. कागदाचं ऐकलं अन् काय इचारलंबी न्हाई. शाईच्या डबीत अंगठा बुडवून कोऱ्या चिठ्ठीवर उमटवला.

"घे. काय लिहायचं ते लिही सटवा. तू काय खोटं लिहिणार हाईस व्हय?" अन् मला म्हणती, "अंजू, तुझ्या नवऱ्यानं त्या टायमाला घरी न घेता बाजार दाखवला मला. मी सगळ्यांना सांगते, शेळी इकायची तर सटवाला इचारा. शेजारच्या संगीतालाबी त्याच्याकडंच धाडलं मी."

बाई गं! मला वाटलं जमीन फाटावी. कोरा कागद, त्यावर तिचा अंगठा, अन् ऋतुजाच्या हातात पेन. नऊ लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

ऋतुजा बापाकडं बगत व्हती. "काय लिहू, आप्पा?"

मालकांचं तोंड काळंठिक्कर पडलं. सारी उमर ज्या माणसानं भाव तोंडातून काढला न्हाई, तो बुद्धवाड्याच्या वट्यासमोर उभा राहून मोठ्यानं बोलला, "सात लिही. शेळीमागं सात. चालू भाव नऊचा व्हता मावशी. नाथाला मी फोडला. तुझे आठ हजार आमी खाल्ले."

केशरबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. शिव्या देईल, ओरडंल, गल्ली गोळा करंल, मी वाट बगत व्हते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं आत बगितलं, ज्ञानोबाला ऐकू गेलं का म्हणून. मग हळू म्हणली, "पोरीसमोर कावून सांगितलंस रे?"

मालक रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी बगितलं नव्हतं, अन् मला दयाबी आली न्हाई, खरं सांगते. मी कनवटीची जोडवी काढून वट्यावर ठिवली. केशरबाईनं ती माझ्याकडं सरकवली. "जोडवी नको. माझे पैसे दे."

"देतो," मालक म्हणले. "पुढच्या बाजाराच्या आत."

ऋतुजानं सात लिहिलं. नाथाचे चार हजार कशाचे तेबी येगळ्या कागदावर लिहिलं, अनिलभाऊला द्यायला. बापाला वाचून दाखवलं अन् खाली त्यांची सही घेतली.

आमी उठलो तर केशरबाई म्हणली, "थांब. तो रुमाल दे इकडं." मालकांच्या खांद्यावरचा रुमाल तिनं स्वतःच ओढला अन् आपल्या हातावर टाकला. "बस खाली. शिकीव मला. हजाराचं बोट कोणतं? दोन शेळ्या राहिल्यात माझ्या, पुढल्या बारीला माझा हात मीच देणार."

"मावशी..."

"बस म्हणते ना."

मालक खाली बसले. हात रुमालाखाली घातला. बुद्धवाड्यातल्या बाया दारादारात येऊन उभ्या राहिल्या. केशरबाईच्या अंगठ्याची शाई अजून वाळली नव्हती. ती खाली काय दाबत व्हती ते मला दिसत नव्हतं, मालकांचं तोंड तेवढं दिसत व्हतं.

"आता हे किती झाले?" तिनं इचारलं. "मोठ्यानं सांग."

"पंजा, अन् वर चार," मालक म्हणले. "नऊ."