आज भरीत नाही

पाचोऱ्याच्या गेल्या बाजारात, ऐन दुपारी, वांग्याचं भरीत विकणाऱ्या एका बाईचं टोपलं शिपायाने लाथेने उडवलं आणि तिला तिच्या जागेवरून उठवलं. तिचा गुन्हा एवढाच, की माल संपल्यावर तिने नेहमीची आरोळी दिली, "आज भरीत नाही!"

तालुक्यात शेतसारा न भरण्याची चळवळ चालू आहे आणि तिच्या घोषणांवर सरकारची बंदी आहे. त्यामुळे बाजार हसला. बाई मात्र हसली नाही. ती कधीच हसत नाही. वांगी भाजायच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, धुराने लाल झालेले डोळे पदराला पुसते, एवढंच. तिचं नाव मला ठाऊक नाही. सगळ्यांसारखा मीही अक्का म्हणतो.

"सारा भरीत नाही, असंच ना?" शिपाई गरजला.

"सारानं नाव तुम्हीच काढं, भाऊ. आमनी बोलीमा भरीत म्हंजे वांगानं. दुसरा अर्थ कचेरीना शे!"

अख्खा बाजार खदखदा हसला. मी चार-चार पानांची पत्रकं लिहितो, सरकारला शिव्या घालतो, पण असं हसू कधी उमटलं नाही. बंदी असलेलं वाक्य शिपायानेच भर बाजारात ओरडून सांगितलं, तेही फुकट! कोटीची गंमत हीच: बोलणारा साधा राहतो, चिडणारा पकडला जातो.

अक्काने टोपलं काखेत मारलं आणि आपल्या जागेकडे बोट दाखवलं. "येत्या बाजारले येसू मी. आठेच बससू."

तर तुम्हीही या. तिच्याभोवती बसा, भरीत खाऊन टोपलं रिकामं करा, आणि मग आरोळी तिला एकटीला देऊ देऊ नका.