ठोकळे आणि मखमल

चाळीस वर्षं चालवलेली कात्री मास्तरांनी एका दुपारी खाली ठेवली आणि पुढची दोन वर्षं तिला हात लावला नाही. दुकानात ते रोज यायचे, पण काजं, बटणं आणि अस्तराची टीप यापलीकडे जायचे नाहीत. कोणी कापायचं काम आणलं की "सूनबाई आहेत ना," म्हणून मोकळे. सूनबाईंचा हात चांगला बसला होता, कामाची तक्रार नव्हती. पण कटिंगच्या टेबलाला वळसा घालून चोरासारखे जाणारे सासरे पाहिले की तिच्या पोटात तुटायचं.

झालं होतं ते असं. बॅण्डवाल्यांसाठी अकरा मखमली कोट शिवायचे होते, गर्द निळे. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने खरखरीत, आणि तोच तुकडा उलटा लावला की उन्हात जवळजवळ काळा दिसतो. म्हणून कोटाचे सगळे भाग एकाच दिशेने कापायचे. साध्या सुती कापडात मात्र एक भाग सुलटा, एक उलटा असे मांडले की कापड वाचतं, आणि ही सवय मास्तरांच्या अंगात मुरलेली. दहा कोट त्यांनी डोळ्यांत तेल घालून कापले. अकराव्याला हात जुन्या सवयीने चालला आणि पुढचा डावा भाग उलटा बेतला गेला. दुकानातल्या दिव्यात कोणाला काही कळलं नाही. बॅण्ड वाजत रस्त्यावर आला, ऊन पडलं आणि मोठा ड्रम वाजवणारा माणूस छातीच्या मध्यापासून अर्धा काळा झाला. मास्तर फुटपाथवर पहिल्या रांगेत कौतुकाने उभे होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

ड्रमवाल्याने मनाला लावून घेतलं नाही. "राहू द्या हो मास्तर, ऊब दोन्हीकडून सारखीच लागते," म्हणाला आणि कोट बदलून घ्यायला कधी फिरकला नाही. त्याच्या घरी जायची मास्तरांची छाती होईना. पुढे तो रंगही बाजारात यायचा बंद झाला. उरलेला तुकडा त्यांनी चादरीत गुंडाळून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकला.

मग दुकानात गिऱ्हाइकांची मापं ठेवायला कॉम्प्युटर आला. दुपारी सामसूम असली की मास्तर बटणांचा डबा उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. तास दीड तास हाच उद्योग. शेवटी सुनेचं डोकं उठलं. तिने ब्राउझरमध्ये एक खेळ उघडला आणि सासऱ्यांच्या हातात माउस दिला.

"बाबा, तो डबा ठेवा आणि हे करा."

खेळ अगदी बाळबोध होता. चौकोनी घरांचा पट. खाली तीन ठोकळे येणार, कुठला लांबट, कुठला काटकोनी, ते उचलून पटावर बसवायचे. ओळ भरली की ती नाहीशी होते आणि जागा मोकळी होते. घड्याळ नाही, घाई नाही.

"हा उभा आहे. आडवा कसा करायचा?"

"यात फिरवता येत नाही. येतो तसाच बसवायचा."

"म्हणजे मखमलच की!" मास्तर बोलून गेले.

दोन वर्षांत त्यांनी हा शब्द तोंडातून काढला नव्हता. सुनेने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून इस्त्री गरम करायला लावली.

पहिल्या डावात पट भरला, जागा संपली. मास्तरांनी अपराध्यासारखं मागे वळून पाहिलं. कोणी बघत नव्हतं. पडद्यावर एवढंच आलं: पुन्हा खेळायचं? चूक कोणाची, कशी झाली, काही विचारणं नाही. त्यांनी बटण दाबलं आणि स्वच्छ कोरा पट समोर आला. मास्तर खुदकन हसले.

त्या दिवसापासून माणूस बदलला म्हणा ना. दुपारी समोरचा चहा गार व्हायचा, मास्तर ठोकळे बसवता बसवता गुणगुणत असायचे. लांबट ठोकळ्यासाठी चार चाली आधी जागा राखून ठेवायचे आणि तो आला की "या, या, तुमचीच वाट पाहत होतो," म्हणायचे. त्यांना मनापासून आनंद होत होता आणि तो लपवण्याचं वयही उरलं नव्हतं.

"या खेळाचं मला एक आवडतं," एकदा ते म्हणाले. "डाव मोडला तरी हा तोंड पाडून बसत नाही."

"मग कोण बसतं?" सुनेने दोरा तोडत विचारलं.

मास्तरांनी पुढचा ठोकळा उचलला. पण त्या दिवशी ते कटिंगच्या टेबलाला वळसा न घालता सरळ गेले.

आणि एका सकाळी ड्रमवाला दारात उभा. सोबत त्याची लेक, सतरा वर्षांची, चणीने लहान. तिला बॅण्डमध्ये झांजा वाजवायला घेतलं होतं आणि रविवारी तिचं पहिलं संचलन होतं.

"तशी मखमल कुठे मिळेना, मास्तर. तुमच्याकडे उरली असेल तर बघा."

मास्तरांनी बटणांचा डबा जवळ ओढला. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"मखमल मी नाही कापणार," ती म्हणाली. भीतीने म्हणाली की मुद्दाम, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

फळीवरची चादर खाली काढून सोडली. तुकडा पुरेल की नाही अशीच गत होती, आणि चुकला तर दुसरा मिळणार नव्हता. मास्तरांनी मापं घेतली, सुनेकडून कागदी नमुने कापून घेतले आणि मखमलीवर मांडायला लागले. पाठ बसली. दोन्ही बाह्या बसल्या, कॉलर बसली, उजवा पुढचा भाग बसला. डावा काही केल्या बसेना. त्यांनी नमुने सरकवले, पुन्हा मांडले. मध्येच उठून ठोकळ्यांचा एक डाव खेळून आले आणि परत सुरुवात केली. बापलेक बाकावर थांबली होती.

"उलटा केला तर बसतो," मास्तर पुटपुटले आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मग उलटाच करा ना!" मुलगी उठून आली. "मला पप्पांसारखाच हवाय. संचलनात सगळे सारखे दिसतात. मी गच्चीवरून त्या काळ्या बाजूवरनंच पप्पांना ओळखते. बाकीच्यांना आपापला माणूस शोधत बसावं लागतं."

मास्तर ड्रमवाल्याकडे वळले.

"म्हणून तर मी बदलायला आलो नाही," तो म्हणाला. "सांगणार कधी? मी दिसलो की तुम्ही गल्ली बदलायचात."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते त्यांनी बाहीला पुसले, डावा नमुना सावकाश फिरवून रिकाम्या जागेत ठेवला आणि तो चपखल बसला.

"सूनबाई," ते म्हणाले, "या खेळात फिरवता येतं. आणा ती कात्री."

सुनेने कात्री त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांनी ती सरळ मखमलीला लावली.

रविवारी ते फुटपाथवर पहिल्या रांगेत होते. बॅण्ड वळणावर आला, उन्हात निळे कोट चमकले आणि त्यांत दोन छात्या अर्ध्या काळ्या दिसल्या, एक रुंद, एक चिमुकली. मास्तरांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं.

"ते दोघं दिसले का, अर्धे काळे? ते कोट मी कापलेत."