आनंदरावाचा घोट

आनंदरावाचं चित्त सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. वर्ध्याच्या जिनिंग फॅक्टरीतला मॅकरे साहेब उद्या कायमचा विलायतेला चालला होता आणि त्याचा खानसामा आनंदराव बंगल्यातल्या ट्रंकांना दोऱ्या बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. साहेब जाणार म्हणून नव्हे. घोर होता तो कपाटातल्या व्हिस्कीच्या बाटलीचा. "जाने के पहले तुम और हम पिएगा," असं साहेब मागेच बोलून बसला होता.

गेल्या दसऱ्याला आनंदराव पांढरं धोतर नेसून नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन आला. दारूला शिवणार नाही ही शपथ तिथलीच. आता वस्तीत रोज संध्याकाळी पंचशील तो सांगे आणि बाकीचे मागून म्हणत. बाप मोहाच्या दारूनं गेलेला, त्यामुळे ह्यानं जन्मात थेंब घेतला नव्हता. मग शपथ मोडायची ती काय गोऱ्या माणसाच्या हौसेखातर?

दिवस कलता हाक आली. नेहमीची "बॉय" नव्हे, चक्क "आनंदराव!" व्हरांड्यात दोन खुर्च्या, दोन ग्लास. "बैठो." इतकी वर्षं जिची धूळ झटकली त्या खुर्चीत तो टेकला, तोही अर्धाच. न जाणो, उठावं लागेल.

साहेबाला कौतुक आवरेना. तो हिंदुस्थानात आला त्याच साली त्याच्या गावच्या भट्टीवर ही पिंपात भरली होती. नुसत्या सातूची, आणि पिंप असं की त्यात आधी स्पेनची शेरी मुरलेली. दिव्यासमोर धरली तर रंग थेट काकवीचा.

"साहेब, हमने कसम खाया है."

"पुलिस का डर? हमारा परमिट है!"

"डर नहीं, साहेब. नहीं चलता."

साहेबाचा चेहरा पडला. "हमारे हाथ का नहीं चलेगा?"

झालं! हे वाक्य कसं भाजतं ते आनंदरावाला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या हातचं पाणी त्याच्या गावात, अख्ख्या आंजीत, चाललं नव्हतं. त्यानं ग्लास उचलला. मनात म्हणाला, रश्श्याचं मीठ आपण चाखून थुंकतोच की. शील पिण्याचं आहे, चाखण्याचं थोडंच आहे? माणूस अडला की असा वकील होतो.

घोट तोंडात गेला. आधी मनुका, मग लवंग, मग जुन्या लाकडाचा तुरट वास. आणि सगळ्यांच्या तळाशी वाळत घातलेली मोहफुलं! लहानपणी बापाच्या कुशीत यायचा तोच गोडवा. वाईट असेल अशी त्याची खात्री होती, आणि ही तर इतकी चांगली निघाली की गळा आपण होऊन गिळायला लागला. तो ताडकन उठला आणि कठड्यावरच्या क्रोटनच्या कुंडीत थुंकला.

आता साहेब खवळणार. पण साहेब पोट धरून हसला. "हमारे गाँव में चखनेवाला लोग ऐसाही थूकता!"

आनंदरावाला हसू आलं नाही. नळावर त्यानं चुळांवर चुळा भरल्या, निंबाची काडी चावली, तरी चव हलेना. वस्तीपर्यंत तो जवळजवळ पळतच गेला.

"काऊन जी, एवढे धापा टाकून राह्यले?" बायकोनं, कमलानं, विचारलं. "लोकं कवाचे बसून हायेत."

"काई नाई. चाल."

चार शीलं सुरळीत झाली. पाचव्याला, दारूच्या शीलाला, त्याची जीभ अडली. लोक वाट बघू लागले. पुढं बसलेला वस्तीतला बाबाराव खाकरला. शेवटी बायकांतून कमलानंच आवाज उचलला आणि सगळे तिच्यामागून म्हणू लागले.

आनंदरावही म्हणाला, सगळ्यांच्या मागून, हळू. आजवर तो नकोशी वस्तू सोडत आला होता. आज त्याला हवी असलेली वस्तू सोडायची होती. उद्याही सोडावी लागणार होती, आणि परवाही.