कागदावरची मोरी

यंदाच्या भाद्रपदातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास, कोरेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाच्या एका गावाजवळ रस्त्याचा भराव खचला. त्या मातीखाली सापडून शंकर बाबू साळुंखे मरण पावले. वय साठ. त्या वेळी ते एकटेच काम करत होते.

बातमी दुपारी सांगलीला आमच्या कचेरीत आली. तालुक्याच्या वार्ताहराने ती फोनवर सांगितली आणि मी उतरवून घेतली. आधी ठिकाण, मग वेळ, मग काय घडले, नाव शेवटी... आमच्याकडे हीच रीत. लाइन खराब होती म्हणून नाव मी दोनदा विचारले. "साळुंखे, साळुंखे," वार्ताहर ओरडून सांगत होता, "मिल्ट्रीतनं आल्यालं. दुष्काळी कामावर मुकादम हुतं बघा." मी बरं म्हणालो, चार ओळी पुऱ्या केल्या, 'भराव खचून एक ठार' असा मथळा दिला आणि कागद छापखान्यात खिळे जुळवायला पाठवला. मग मुख्य उपसंपादकांना सांगितले की मला गावी जावे लागेल, गेलेले गृहस्थ माझे दाजी होते. आक्काने पाठवलेला माणूस त्यानंतर तासाभराने कचेरीच्या पायऱ्या चढून आला. त्याला मी काही बोलू दिले नाही.

आक्का माझी थोरली बहीण. तिचे लग्न झाले तेव्हा मी चौथीत होतो. दाजी पलटणीत होते, वर्षातून एकदा रजेवर येत. नाईक होऊन ते परतले तेव्हा गावात मराठी, हिंदी आणि थोडे इंग्रजी वाचणारा तो एकच माणूस होता. माझे वर्तमानपत्र टपालाने त्यांच्याकडे दोन दिवसांनी पोचायचे. ते शेवटच्या पानापासून सुरुवात करत आणि मी गेलो की ओसरीवर बसल्या बसल्या हिशेब चुकता करत. "काय पाव्हणं, पेपरात समदं हाय, निस्ती बातमी न्हाई." मग आक्का आतून म्हणायची, "आवं, त्याला च्या तरी पिऊ द्या." दाजी आवाज चढवून बोलताना मी कधी ऐकले नाही. चुकले तर सांगून मोकळे व्हायचे, ही त्यांची पलटणीतली सवय. एकदा शेजाऱ्याच्या बांधावरची बाभळ चुकून तोडली तर त्याला पत्ता लागण्याआधी स्वतः जाऊन सांगून आले होते. त्याला ते 'रिपोर्ट देणे' म्हणत.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात गावाला रस्त्याचे काम मिळाले. लिहिता-वाचता येते म्हणून दाजी मुकादम झाले. हजेरी घ्यायची, खड्डे मोजायचे, मजुरांना खायला सुकडी वाटायची. रस्ता गावाच्या उत्तरेचा ओढा ओलांडून जाणार होता. ओढ्याचे पाणी रस्त्याखालून जायला तीन नळ्यांची मोरी घालायची असे नकाशात होते. भराव दोन्ही बाजूंनी ओढ्यापर्यंत आला, पण नळे आले नाहीत. महिनाभर येणार नाहीत असे कळले, आणि मागोमाग वरून निरोप आला की काम थांबले असेल तर मजूर आठ कोसांवरच्या खडी फोडायच्या कामावर पाठवा. कामावर बहुतेक बायका होत्या. हौसाबाई नावाची एक बाळंतीण होती, तिचे मूल अडीच महिन्यांचे. आठ कोसांवर जाऊन राहणे तिला आणि तिच्यासारख्या दहा-बारा जणींना शक्य नव्हते. दाजींनी एक रात्र विचार केला आणि सकाळी ओढ्याचे तोंड मातीने भरायला सांगितले. नळे आले की तेवढीच माती पुन्हा खांदून काढायची, असा बेत होता. काम चालू राहिले. कुणी परगावी गेले नाही.

"वड्यात दोन वरसं थेंब न्हवता," दाजी मला पुढे म्हणाले होते. "पानी कवा आडवं येईल, ह्ये डोस्क्यातच आलं न्हाई. पानी म्हंजी द्येव झाला हुता रं तवा."

नळे आले, पण पाऊसही त्याच आठवड्यात आला. दुष्काळी काम बंद झाले, मजूर पेरणीला गेले, नळे रस्त्याच्या कडेला उतरवून गाडी निघून गेली. त्या पहिल्या पावसाळ्यात ओढा आला आणि भरावाला अडून वरच्या अंगाला पाणी साठले. गावाने काय केले ते मी स्वतः पाहिले आहे, कारण त्या दिवशी मी तिथे होतो. गावाने वाजत-गाजत जाऊन त्या पाण्यात नारळ सोडले. बायकांनी खणानारळाने ओटी भरली. हौसाबाईने मुलाचे पाय त्या पाण्याला लावले. तिची दोन एकर बाजरी त्याच पाण्याखाली होती. कुणालाही त्यात काही वावगे दिसले नाही, मलाही नाही. मी 'गावात तळे' असे सहा ओळींचे वृत्त दिले होते. बाजरी पिवळी पडून कुजायला लागली तेव्हा पंधरा दिवस झाले होते, आणि तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणाले, "आरं, मोरी कुठं हाय हिथली?"

मोरी कुठे आहे, या प्रश्नावर पुढची चार वर्षे गेली. दर पावसाळ्यात वरच्या अंगाची शेते बुडत. पाणी महिना महिना निचरत नसे. ते आटले की वावरावर पांढरा थर राही आणि त्यात हरळीसुद्धा धड उगवत नसे. गावात दोन गट होते. एक कारखान्याच्या संचालकांचा, एक पंचायत समितीच्या माजी सभापतींचा. संचालक म्हणत, सभापतींनी आमची शेते बुडवायला मोरी अडवली. सभापती म्हणत, संचालकांनी आपली बागायत वाचवायला ओढा बांधला. कडेला पडलेल्या तीन नळ्यांवर एका निवडणुकीत एका गटाचे चिन्ह रंगवलेले होते, दुसऱ्या निवडणुकीत दुसऱ्याचे. आतून शेळ्या बसत.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी देवळासमोर सभा झाली. जिल्ह्याचे अधिकारी आले होते आणि मी दैनिकाच्या वतीने गेलो होतो. दोन्ही पुढारी तासभर बोलले. मग दाजी उठले. ते जे बोलले ते मी जागच्या जागी लिहून घेतले होते, आणि इथे ते पहिल्यांदा छापतो आहे. ते म्हणाले, "त्या जाग्यावर माती मी टाकलीया. कुना पुढाऱ्याचा त्यात हात न्हाई. मुकादम मी हुतो, हुकूम माझा. नळं कडंला पडल्यात. माती काढा आन् नळं घाला, दोन दिसाचं काम हाय."

मागून एकजण हसला; गावही त्यांना दाजीच म्हणे. "दाजी, बसा खाली, तुमी कशाला मदी?" संचालक म्हणाले, "शंकरराव, तुम्हाला कुणी उभं केलंय, ते आम्हाला ठाऊक हाय." सभापती उठून म्हणाले, "आमी न्हाई, तुमीच पढवून आणलंय. तुमच्यावरचा दोष गरिबाच्या अंगावर!" दोन्हीकडची माणसे उभी राहिली. दाजी मधे हात वर करून म्हणत होते, "आवं, मला कुनी पढवलं न्हाई... आवं, ऐका तरी..." अधिकाऱ्यांनी चौकशी समिती नेमण्याचे आश्वासन दिले आणि सभा संपली.

परतताना आक्काने मला परड्यात गाठले. "वसंता, त्येंचं बोलनं पेपरात घालू नगंस. पोलीस न्हेतील त्येस्नी." मी घातले नाही. तिच्यासाठी घातले नाही असे मी तेव्हा समजत होतो. बातमी छापून आली, दोन्ही पुढाऱ्यांची भाषणे, समितीचे आश्वासन आणि शेवटी एक ओळ: 'सभेत काही काळ गोंधळ झाला.'

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा तो अंक दाजींनी घडी घालून उशाखाली ठेवला होता. त्यांनी तो उलगडून त्या ओळीवर बोट ठेवले. "पाव्हणं, ह्यो गोंधळ म्हंजी मीच न्हवं?" मी हो म्हणालो. "मग तसं लिवायचं की. सभेत काही काळ शंकर साळुंखे झाला." ते हसले, मीही हसलो. थोड्या वेळाने म्हणाले, "चूक कुनाची त्ये कळलं तर दुरुस्त करायला मानूस येतो. डाव कुनाचा म्हनलं की निस्ती चौकशी येती..." मी अंक घडी घालून त्यांच्या उशाखाली परत ठेवला.

वर्तमानपत्रातून होईना म्हणून त्यांनी स्वतः अर्ज लिहिले. माती आपण टाकली, जागा अमुक, नळे अमुक ठिकाणी, असे सरळ. तिसऱ्या अर्जाला यंदा बेंदराच्या सुमारास उत्तर आले. मी सणाला गेलो होतो. बैलांच्या शिंगांना रंग लावून हात तसेच लाल असताना त्यांनी ते पत्र मला दाखवले. पत्रात म्हटले होते की सदर ठिकाणी तीन नळ्यांची मोरी पूर्ण असल्याचे दप्तरावरून दिसते, ती गाळाने तुंबली असल्यास स्थानिक लोकांनी साफ करून घ्यावी.

"दाजी, तिथं मोरीच नाही," मी म्हणालो.

"मला सांगताय व्हय?" ते खुशीत होते. "पर साफ करा म्हनलंय न्हवं? लेखी हुकूम हाय. साफ करत गेलो की हुईल मोरी."

"पाणी मोकळं झालं तर पहिल्यांदा खालच्या अंगाला तुमच्याच भुईमुगात शिरेल."

"शिरंल की. वड्याचीच वाट हाय ती. मधल्या मधी चार वरसं माझं रान कोरडं ऱ्हायलं, त्ये लोकांच्या जिवावर."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला परतलो. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही.

पुढचे मला आक्काने आणि हौसाबाईने सांगितले. दाजींनी नागपंचमीनंतर खांदायला सुरुवात केली. रोज सकाळी न्याहारीपर्यंत. पोरे मदतीला येऊ लागली तर दोन्ही गटांनी आपापल्या घरांना बजावले: चौकशी होईपर्यंत भरावाला हात लावायचा नाही, पुरावा जाईल. चार वर्षांत दोन्ही गटांचे एकमत झालेली ही एकच गोष्ट. वाटेने जाणारे थांबून विचारत, "काय दाजी, मोरी सापडली का?" दाजी खालून म्हणत, "वास याय लागलाय." हौसाबाई तेवढी टोपली घेऊन यायची. तिचे ते मूल आता चार वर्षांचे आहे. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पावसाने धरले, वरच्या अंगाला पाणी चढले. चर तोवर पुरुषभर खोल झाला होता. आक्का म्हणाली, उघडीप होऊ द्या. दाजी म्हणाले, "आता दोन हात ऱ्हायल्यात." सोमवारी हौसाबाईच्या मुलाला ताप होता म्हणून ती उशिरा निघाली. ती पोचली तेव्हा चराच्या जागी ओली माती होती आणि कडेला दाजींचा सदरा, घडी घालून दगडाखाली ठेवलेला.

तिच्या ओरडण्याने गाव धावले. दोन्ही गटांची माणसे एका रांगेत उभी राहून माती उपसत होती, हे मला अनेकांनी सांगितले. दाजींना काढून घरी नेल्यावर अकराच्या सुमारास उरलेला भराव पाण्याच्या दाबाने फुटला. दुपारपर्यंत वरची शेते मोकळी झाली. चार वर्षांत ती भाद्रपदात उघडी पडली नव्हती. दाजींचा भुईमूग वाहून गेला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा हौसाबाई आक्काच्या पायाशी बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माज्या बाळंतपनापायी टाकली हो माती त्यांनी... माज्यापायी..." आक्का रडत नव्हती. तिने मला पाहिले आणि म्हणाली, "आता छाप."

मंगळवारी संचालकांचे निवेदन कचेरीत आले, सभापतींच्या हलगर्जीपणाने बळी गेला. त्याच दिवशी सभापतींचे आले, संचालकांच्या कारस्थानाने. दोन्ही छापली गेली. चौकशी समितीची अजून बैठक झालेली नाही.

बुधवारी तिसरा दिवस. सावडून आम्ही परत येत होतो. रस्त्यावर खात्याचे दोन ट्रक मुरूम घेऊन उभे होते. आक्का थांबली. तिने मिस्त्रीला विचारले, "नळं घालनार का?"

मिस्त्री भला माणूस होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "बाई, दप्तरी मोरी हाय हिथं. आमाला निस्तं खिंडार बुजवायचा हुकूम हाय."

संध्याकाळी पाचपर्यंत खिंडार बुजले. गुरुवारी सकाळची वडूजची एसटी त्यावरून वेळेवर गेली.