बोलतं करणारी सिस्टर

वहिनी बोलेनाशी झाली, म्हणून एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही तिला संगमेश्वरहून रत्नागिरीतल्या एका खासगी दवाखान्यात आणलं. तिथे गुंगीचं इंजेक्शन देऊन पेशंटला बोलतं करत. त्याआधी मनाची तयारी करून घ्यायची ती एक ठेंगणी सिस्टर. केसांना तेल लावत ती प्रत्येकीला सांगायची, "आठवेल ते बोल गो बाय. भिऊ नको. इथलं बाहेर जात नाय."

वहिनीने विश्वास ठेवला. गुंगीत ती लग्नाआधीच्या एका माणसाचं नाव घेऊन रडली. सिस्टरने बाहेर येऊन दादाला ते सगळं सांगितलं, अगदी कळवळून. मी अडवलं तर म्हणाली, "नवऱ्याला ठाऊक नको?"

दादा गेला तो परत आलाच नाही. मी भेटायला गेलो की सिस्टरच विचारायची, "हिला न्यायला हिचा नवरा कसा येत नाय ओ?"